सहावा दिवस, रकाना कोरा

लघवी आम्ही तासातासाला लिहितो.
नाडी, दाब, ताप, नाकातल्या नळीतून किती गेलं, किती परतलं,
सगळ्याला शाई आहे.
कडेचा एक अरुंद रकाना, शौच,
तिथे सहा दिवस एकच आडवी रेघ,
वेगवेगळ्या हातांची.

बेड चार. राजधर झिपरू बोरसे, वय अठ्ठावन्न,
पांझरेकाठच्या फडावरचे पाटकरी.
ट्रॉली चारीत उलटली, हे खाली.
सात बरगड्या, कमरेचं हाड, एक फुप्फुस.
पंपावर फेंटानिल चालू आहे
आणि चेहरा असा, जसे दुपारचे बांधावर आडवे झालेत.
दुखणं झोपलंय.
त्याच्या कुशीत आतडंही झोपलं,
त्याची नोंद कुणी केली नाही.

खरं तर पहिल्याच दिवशी सोबत रेचक सुरू व्हायला हवं होतं.
मला ठाऊक होतं. डॉक्टर तडवींनाही.
पण दाब पडत होता, रक्ताची पिशवी यायची होती,
अशा रात्री पोटाचं कोण विचारतं!

माझ्याकडे शिंप्याची टेप आहे, पाचकंदीलवरून घेतलेली.
बेंबीवरून फिरवते.
ब्याण्णव. पंचाण्णव. अठ्ठ्याण्णव.
पोट वर चढून श्वासाला टेकलंय,
व्हेंटिलेटर सोडवायला गेलो दोनदा,
दोनदा यंत्र कोकललं.

काचेच्या दाराशी निंबाबाई, पदर तोंडाशी.
सगळे विचारतात, वाचतील का.
ही हळूच विचारते, शेजारणीला विचारावं तसं,
"मोकळं व्हयनं का वो बाई?"
नही ना, माय.
मग ती जाते, जिन्याखाली बसते,
डबा उघडत नाही.

लॅक्टुलोज चार वेळा. वारा सरला, बाकी काही नाही.
बत्ती ठेवली. हातमोजा घालून मीच पाहिलं,
खडा होता, काढला. त्याच्यावर अजून खडा.
एक्स-रेत पीळ नाही, अडसर नाही.
तडवी म्हणाले, "आतडं विसरलंय, सिस्टर."
भाऊ म्हणाला, "मग ते गुंगीचं बंद करा ना."
बंद केलं असतं तर बरगड्या जाग्या झाल्या असत्या,
सातही.

रात्री बारा वाजता तडवींनी वरच्या सरांना फोन केला,
दोन मिनिटं नुसतं "हो सर, हो सर."
मग नॅलोक्सोन, शिरेतून नाही, पोटाच्या नळीतून.
मला समजावलं, पेन उलटं धरून, ग्लोव्हजच्या खोक्यावर चित्र काढून:
हे आतड्याच्या भिंतीवरचं कुलूप उघडतं,
रक्तात शिरतं, पण पुढे यकृत बसलंय नाक्यावर,
ते याला मोडून टाकतं,
मेंदूपर्यंत फारसं पोचतच नाही.
दुखण्याला पत्ता लागत नाही.
तरी मी रात्रभर त्यांच्या कपाळाकडे पाहत राहिले,
एक आठी पडली तर पंपाकडे धावायला.

साडेतीनला कान लावला स्टेथोस्कोपला.
आधी काही नाही.
मग लांब, खूप लांब, एक गुडगुड.
चार वाजून दहा मिनिटांनी वास आला.

असा वास, की शेजारच्या बेडची मुलगी बाहेर पळाली
आणि काशिनाथमामा, वॉर्डबॉय, एकोणीस वर्षांची नोकरी,
चादर ओढता ओढता हसायला लागला.
मीही हसले. मास्कच्या आत.
दोनदा चादर बदलली, तिसरी लागली.
कूस वळवताना बरगड्या सांभाळल्या,
गरम पाणी, साबण, पुन्हा पाणी, पावडर.
कपाळ गुळगुळीत.

रकान्यात लिहिलं: झाली. तीन वेळा. मोठी.
पेन जरा जास्तच दाबलं गेलं, खालच्या कागदावर उमटलं.

निंबाबाई जिन्याखाली जागीच होती.
"व्हयनं, माय."
ती काही बोलली नाही.
हात पुढे केला, जसं फावड्याने मातीचा बांध फोडून
पाणी पुढच्या वावरात लावावं,
तेवढंच, एकदा, हवेत.
मग डबा उघडला आणि मलाच अर्धी भाकर दिली.

ते जगतील का, माहीत नाही. फुप्फुस अजून भरलेलं आहे.
टेप त्र्याण्णव सांगते.
सातला ड्यूटी बदलेल, नवी सिस्टर आधी वरचे आकडे वाचेल.
मी तिला कडेचा रकाना दाखवून जाईन.
आणि आता आठवतंय,
रात्री आठपासून मी स्वतःच
एकदाही संडासाकडे गेलेली नाही.